सॉक्रेटिसचा विषाचा प्याला आणि पैठणची सभा



वाशीत आम्ही काही कार्यकर्ते दर रविवारी बुद्ध विहारात वाचनाला बसतो. पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं-पोरी येतात, दोन-चार शिक्षक येतात, कधी शेतातली कामं उरकून म्हातारी माणसंही येऊन बसतात. मागे एकदा ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिसवर बोलणं चाललं होतं. तेव्हा एका मुलीने विचारलं, "दादा, सॉक्रेटिसला विष का दिलं ते आम्ही पाठ केलंय. पण आपल्याकडं असं सभेपुढं उभं करून कुणाला शिक्षा दिली का?"

आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. कुणी शंबूकाचं नाव घेतलं, कुणी तुकोबांचं. कुणी २०१३ साली पुण्यात गोळ्या घातलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं आणि २०१५ साली कोल्हापुरात हल्ला झालेल्या कॉ. गोविंद पानसरेंचं नाव घेतलं. पण आपल्याच मराठवाड्यात, गोदाकाठच्या पैठणमध्ये, विद्वानांच्या सभेपुढे उभं करून ज्याची उलटतपासणी झाली आणि ज्याला शिक्षा झाली, त्या चक्रधरस्वामींचं नाव कुणाच्याच तोंडी आलं नाही. आमच्याही नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक माणूस आपल्याला पाठ आहे आणि साडेसातशे वर्षांपूर्वीचा आपल्या भाषेत बोलणारा माणूस आठवत नाही. त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणून हा लेख.

अथेन्समध्ये काय घडले?

आधी सॉक्रेटिसचा खटला नीट समजून घेऊ. पाठ केलेल्या दोन ओळींत तो मावत नाही.

सॉक्रेटिस हा पाथरवटाचा मुलगा. त्याची आई सुईण होती. त्याने आयुष्यात एकही ग्रंथ लिहिला नाही. बाजारात, व्यायामशाळेत, रस्त्यावर माणसं गाठायची आणि त्यांना प्रश्न विचारायचे, हेच त्याचं काम. न्याय म्हणजे काय? धर्म म्हणजे काय? शौर्य म्हणजे काय? समोरचा मोठ्या तोऱ्यात उत्तर द्यायचा आणि पाच-सहा प्रश्नांत त्याच्या ज्ञानाचा फुगा फुटायचा. ऐकणारे तरुण हसायचे आणि घरी जाऊन आपल्या वडीलधाऱ्यांना तसेच प्रश्न विचारायचे.

इ.स.पू. ३९९ मध्ये मेलेटस, अनायटस आणि लायकन या तिघांनी त्याच्यावर खटला भरला. आरोप असा, की तो नगराचे देव मानत नाही, नवी दैवते आणतो आणि तरुणांना बिघडवतो. तेव्हा तो सत्तर वर्षांचा होता. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या सुमारे पाचशे नागरिकांपुढे खटला चालला. आरोप करणाऱ्यांना बोलायला वेळ मिळाला, तसा सॉक्रेटिसलाही मिळाला. मतदान झालं. तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर तो सुटला असता, असं त्याचा शिष्य प्लेटो सांगतो. शिक्षा कोणती द्यायची यावर पुन्हा मतदान झालं आणि मृत्युदंड ठरला. एक पवित्र जहाज डेलॉस बेटावरून परत येईपर्यंत कुणाला मारायचं नाही, असा तिथला नियम होता. म्हणून जवळपास महिनाभर तो तुरुंगात राहिला. क्रिटो नावाच्या मित्राने पळून जाण्याची व्यवस्था केली होती. सॉक्रेटिस पळाला नाही. त्याने विष घेतलं.

या खटल्यामागे राजकारणही होतं. पाचच वर्षांपूर्वी, इ.स.पू. ४०४ मध्ये, अथेन्स स्पार्टाकडून हरलं होतं. मग तीस जुलमी माणसांची राजवट आली, तिने कत्तली केल्या. त्या तिसांचा म्होरक्या क्रिटियस कधीकाळी सॉक्रेटिसच्या संगतीत वावरला होता. लोकशाही परत आली तेव्हा सार्वत्रिक माफी जाहीर झाली होती, त्यामुळे जुना राजकीय राग उघडपणे काढता येत नव्हता. तो धर्माच्या नावाने काढला गेला. हे लक्षात ठेवा मित्रहो. धर्म बुडाल्याची ओरड होते तेव्हा दुसरंच काहीतरी बुडत असतं.

भडोच, पैठण, तेर : जुना रस्ता

आता आपल्याकडे येऊ. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दी व्यापाऱ्याने 'पेरिप्लस ऑफ दि एरिथ्रियन सी' हे प्रवासाचं पुस्तक लिहिलं. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असं त्यात नोंदवलं आहे. हे तगर म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तेरचं त्रिविक्रम मंदिर हे मुळात बौद्ध चैत्यगृह होतं, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे ग्रीकांचं जग आणि आपला मुलूख एकमेकांना अनोळखी नव्हते. मालाबरोबर विचारही या वाटेने चालत होते.

त्याच भडोचहून, बाराशे वर्षांनंतर, एक तरुण महाराष्ट्रात आला. परंपरेनुसार त्याचं नाव हरपाळदेव. प्रधानाचा मुलगा, लाड ब्राह्मण, खाऊन-पिऊन सुखी, जुगाराचा नाद असलेला. रामटेकच्या यात्रेला म्हणून घर सोडलं आणि वाटेत विदर्भातल्या रिद्धपूरला गोविंदप्रभू भेटले. हे गोविंदप्रभू म्हणजे लोकांच्या लेखी वेडा अवलिया. महारवाड्यात जायचे, मांगवाड्यात जायचे, कुणाच्याही घरचं खायचे आणि तिथून उठून ब्राह्मणांच्या घरात शिरायचे. गावातल्या अस्पृश्यांना प्यायला पाणी नव्हतं तेव्हा त्यांनी जागा दाखवून पाणी मिळवून दिल्याची कथा त्यांच्या चरित्रात आहे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या साडेसहाशे वर्षं आधीची ही गोष्ट. पाण्याचा प्रश्न तेव्हाही होता आणि तो जातीचा प्रश्न होता, याची ही साक्ष.

गोविंदप्रभूंनी हरपाळदेवाला चक्रधर हे नाव दिलं. पुढे चक्रधर गावोगाव फिरले, पैठणला राहिले, त्यांच्याभोवती शिष्य जमले आणि महानुभाव पंथ उभा राहिला.

ते काय सांगत होते? वेगवेगळ्या देवतांची पूजा आणि व्रतवैकल्ये यांनी काही साधत नाही. हिंसा करू नका. भिक्षा मागायची तर चारही वर्णांच्या घरी मागा. स्त्रीलाही संन्यासाचा आणि मोक्षाचा अधिकार आहे. मासिक पाळीचा विटाळ मानणाऱ्यांना त्यांनी सांगितलं, की नाकातून शेंबूड येतो, कानातून मळ येतो, तसाच हा शरीराचा धर्म आहे, त्यात विटाळ कसला? तेराव्या शतकातलं हे उत्तर आजही आपल्या कितीतरी घरांत पोचलेलं नाही. एका मातंगाने श्रद्धेने दिलेला लाडू त्यांनी स्वीकारला आणि शिष्यांनाही वाटला, अशी लीळा लीळाचरित्रात आहे. महदाइसेसारख्या स्त्रिया त्यांच्याशी बरोबरीने वाद करत, शंका विचारत. हीच महदाइसा पुढे मराठीची आद्य कवयित्री म्हणून ओळखली गेली.

आणि हे सगळं ते मराठीत सांगत होते. पुढे पंथाचे आचार्य नागदेव यांनी संस्कृतमध्ये बोलू पाहणाऱ्या पंडित शिष्यांना अडवलं. चक्रधरांनी आपल्याला मराठीत शिकवलं, संस्कृतात लिहिलं तर आपल्या म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित राहतील, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्ञान कोणत्या भाषेत द्यायचं हा जातीचा आणि लिंगभेदाचा प्रश्न आहे, हे या माणसांना ज्ञानेश्वरीच्याही आधी कळलं होतं.

पैठणच्या सभेत

हे कुणाला खुपणार होतं? देवगिरीवर यादवांचं राज्य होतं. महादेव आणि त्यानंतर १२७१ पासून रामदेवराव. दोघांच्याही काळात श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख, होता हेमाद्री पंडित. ज्या देवळांना आपण हेमाडपंती म्हणतो ते नाव याचंच. पण त्याची खरी कामगिरी म्हणजे 'चतुर्वर्गचिंतामणी' हा प्रचंड संस्कृत ग्रंथ. त्यात व्रतं, दानं, श्राद्धं, तीर्थं यांचं अफाट भांडार आहे. वर्षाच्या कोणत्या तिथीला कोणतं व्रत करायचं, कोणतं दान कुणाला द्यायचं, याची शास्त्रशुद्ध व्यवस्था आहे.

आता सरळ हिशेब मांडा. एका बाजूला राज्याचा सर्वात ताकदवान अधिकारी शेकडो व्रतांचा ग्रंथ रचतो आहे. प्रत्येक व्रतामागे दान आहे, दक्षिणा आहे, जेवणावळ आहे. दुसऱ्या बाजूला एक माणूस साध्या मराठीत सांगतो आहे, की यातून काही मिळणार नाही. आणि त्याचं ऐकतंय कोण? घराघरात व्रतं करणाऱ्या बायका. त्या उठल्या की त्या धंद्याचा कणाच मोडतो. म्हणून "हा बायकांना नादी लावतो" हा आरोप सर्वात मोठा झाला. अथेन्समध्ये "तरुणांना बिघडवतो" म्हणाले, पैठणमध्ये "बायकांना बिघडवतो" म्हणाले. ज्या वर्गाच्या आज्ञाधारकपणावर व्यवस्था उभी असते, तो वर्ग विचार करायला लागला की त्याला 'बिघडला' म्हणतात.

लीळाचरित्र सांगतं, की चक्रधरांना पैठणच्या आदित्याच्या देवळात सभेपुढे आणलं गेलं. तुम्ही कोण, तुमचं स्वरूप काय, बायका तुमच्यामागे का येतात, असा प्रश्नांचा रोख होता. सभेत त्यांना चांगलं ओळखणारी माणसंही होती. काही थोड्यांनी हा अन्याय आहे असं म्हणून सभेशी संबंध तोडल्याची आठवण परंपरेने जपली आहे. बाकीचे बसून राहिले. शिक्षा झाली ती नाक कापण्याची. नाक कापणं म्हणजे नुसती इजा नव्हे. बायकांशी संबंध जोडून दिलेली ती बेअब्रूची शिक्षा. विचार खोडता येत नाही तेव्हा माणसाचं चारित्र्य कापायचं, ही पद्धत आजची नाही.

तेवढ्यावर भागलं नाही. पुढे राजसत्तेची माणसं मागावर आली आणि १२७४ च्या सुमारास चक्रधरांचा शिरच्छेद झाला, अशी लीळाचरित्राच्या जुन्या पाठांत नोंद आहे. श्रद्धाळू अनुयायी मात्र स्वामी उत्तरापंथे निघून गेले आणि आजही आहेत असं मानतात. कुणाच्या श्रद्धेला दुखवावं हा आमचा हेतू नाही. पण सत्तेने त्यांना महाराष्ट्रात जगू दिलं नाही, हे दोन्ही बाजूंच्या सांगण्यातून सारखंच निघतं.

चक्रधरांनीही सॉक्रेटिससारखं काही लिहून ठेवलं नाही. सॉक्रेटिसला प्लेटो आणि झेनोफोन मिळाले, चक्रधरांना म्हाइंभट मिळाले. म्हाइंभट मूळचे गर्विष्ठ पंडित, वाद घालून हरवायला आले आणि शिष्य झाले. गुरू गेल्यावर ते गावोगाव हिंडले, ज्याने जे पाहिलं-ऐकलं ते विचारून घेतलं आणि मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ तयार झाला. पुढे पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून ठेवले आणि विसाव्या शतकात ती लिपी उलगडेपर्यंत बाहेरच्या वाचकाला ते उमगत नव्हते. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ मध्ये राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने छापलं, तेव्हा त्यातल्या मजकुरावरून पुन्हा वाद झाले, प्रकरण कोर्टात गेलं. सातशे वर्षांनंतरही तो खटला संपला नव्हता, असंच म्हणावं लागतं.

तीन खटले, तीन पायऱ्या

आता हे खटले शेजारी-शेजारी ठेवून पाहू. इथेच आपल्या कामाचा धडा आहे.

अथेन्समध्ये आरोप करणारे वेगळे होते आणि निकाल देणारे वेगळे. आरोप लेखी होता. आरोपीला पूर्ण भाषण करू दिलं. मतं मोजली गेली. निकाल चुकीचा होता, पण काहीतरी रीत होती. म्हणून सॉक्रेटिसचं बचावाचं भाषण जगाला मिळालं.

पैठणमध्ये आरोप करणारा, तपासणी करणारा आणि शिक्षा देणारा एकच वर्ग होता. ज्याचं हित धोक्यात आलं तोच न्यायासनावर बसला. चक्रधरांच्या वाट्याला भाषण आलं नाही, चार-सहा प्रश्न आले.

तिसरा शंबूक. ती कथा असेल, पण कथेतही समाजाचा न्याय दिसतो. तप करणाऱ्या शंबूकाला विचारलं गेलं, तू कोणत्या जातीचा? शूद्र हे उत्तर येताच तलवार चालली. त्याने काय विचार केला होता, तो काय शोधत होता, याने निकालात काही फरक पडला नाही. बाबासाहेबांनी 'जातिभेद निर्मूलना'त या कथेचा मुद्दा मांडला आहे. चातुर्वर्ण्य टिकवायचं तर दंडसत्ता लागतेच, शंबूकाचा वध हा त्या व्यवस्थेचा अपघात नसून तिची गरज आहे.

म्हणजे बघा. अथेन्सच्या नागरिकाला भाषण मिळालं. ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या पण जात ओलांडलेल्या चक्रधरांना प्रश्न मिळाले. शूद्राचा निकाल फक्त जातीवर लागला. आणि ज्या मातंगाने लाडू दिला, त्याला तर त्या आदित्याच्या देवळात उभं राहायलाही जागा नव्हती. न्यायाच्याही पायऱ्या असतात आणि जात त्या पायऱ्या ठरवते.

याउलट आपल्या संविधानाने काय केलं? कलम १४ ने कायद्यापुढे सगळे समान केले. कलम २० ने स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती बंद केली. कलम २१ ने कायद्याच्या रीतीशिवाय जीव आणि स्वातंत्र्य हिरावून घ्यायला मनाई केली. कलम २२ ने अटक झालेल्याला वकील दिला. ही कोरडी कलमं नाहीत. यातलं एकेक कलम पैठणच्या सभेला दिलेलं उत्तर आहे. जातपंचायती आजही सभा भरवतात, वाळीत टाकतात, म्हणून महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. सभा उठलेली नाही, तिने फक्त जागा बदलली आहे.

लोकशाहीने सॉक्रेटिसला मारले का?

काही लोक हा इतिहास वेगळ्याच कामासाठी वापरतात. "बघा, लोकशाहीनेच सॉक्रेटिसला मारलं. अडाणी लोकांच्या हाती मत दिलं की असंच होणार. त्यापेक्षा शहाण्यांचं राज्य बरं." समाजमाध्यमांवर हे वाक्य फिरत असतं आणि आपली पोरंही ते पुढे पाठवतात.

याला उत्तर दिलं पाहिजे. पहिलं, पैठणची सभा शहाण्यांचीच होती. वेद, मीमांसा, धर्मशास्त्र तोंडपाठ असलेल्या विद्वानांची. तिने काय केलं ते आपण पाहिलं. दुसरं, अथेन्सची लोकशाही ही स्त्रियांना, गुलामांना आणि बाहेरून आलेल्यांना वगळणारी लोकशाही होती. तिसरं आणि सर्वात महत्त्वाचं, नुसती मतमोजणी म्हणजे लोकशाही नव्हे.

हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना सांगितलं, आणि सांगताना आधार घेतला तो ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रोट या इतिहासकाराचा. ग्रोटची 'संविधानिक नीती' ही कल्पना त्यांनी सभागृहापुढे ठेवली. सत्तेला कायद्याप्रमाणे मान द्यायचा, पण त्याच सत्तेवर निर्भयपणे टीका करण्याची मोकळीकही असायची, आणि आपल्या विरोधकालाही संविधान तितकंच पवित्र वाटतं असा भरवसा ठेवायचा. ही नीती माणसात उपजत नसते, ती रुजवावी लागते, आणि भारताची जमीन मुळात लोकशाहीची नाही, असा इशारा त्यांनी दिला. बहुमत असेल पण ही नीती नसेल, तर पाचशे माणसं मिळून एका म्हाताऱ्याला विष देतात. हीच सॉक्रेटिसच्या खटल्याची शिकवण आहे. लोकशाही कमी करा असं ती सांगत नाही, लोकशाही पुरी करा असं सांगते.

चक्रधर आपले का, आणि कुठपर्यंत?

चक्रधरांना डोक्यावर घेऊन मिरवणूक काढा, असं आम्ही म्हणत नाही. बाबासाहेबांनी गांधींना दिलेल्या उत्तरात संतांबद्दल जे परखड मत मांडलं ते विसरता येणार नाही. संतांनी माणूस आणि देव यांच्या नात्याचा विचार केला, माणूस आणि माणूस यांच्या नात्यासाठी लढा उभारला नाही. शिवाय संताने जात मोडली तरी तो संत म्हणून चालतं, सामान्याने मोडायची नाही, असंच लोकांना शिकवलं गेलं. ही टीका चक्रधरांनाही लागू पडते. त्यांचं ध्येय परमेश्वर आणि मोक्ष हे होतं. त्यांचे सुरुवातीचे बरेच शिष्य ब्राह्मण होते. पंथात आलेल्या गृहस्थांची जात पुढे सुटली नाही. गावाबाहेरचा वाडा गावाबाहेरच राहिला.

बुद्ध इथेच वेगळा ठरतो. बुद्धाने मोक्षाचं आश्वासन दिलं नाही, मार्ग दाखवला. आणि संघ उभा केला, ज्यात भंगी सुनीत आला, न्हावी उपाली आला आणि त्यांच्यानंतर आलेल्या राजपुत्राला त्यांना वंदन करावं लागलं. एकटा विचारवंत मारता येतो, नियमांनी बांधलेला संघ मारणं अवघड असतं. म्हणूनच बाबासाहेब संघटनेवर इतका जोर देत होते. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी ते आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला, महार-मांग वतनदार परिषदेला आले होते, ते महार आणि मांग एका मांडवात बसावेत म्हणून. मातंगाचा लाडू घेणं ही चक्रधरांची करुणा होती. मातंगाला परिषदेत बरोबरीने बसवणं हे बाबासाहेबांचं राजकारण होतं. दोन्हींतला फरक ओळखा, पण पहिल्याची हिंमत नाकारू नका.

मिलिंद आणि नागसेन

प्रश्न विचारणाऱ्याशी सत्तेने कसं वागावं, याचं तिसरं उदाहरण आपल्याकडे आहे आणि योगायोगाने त्यातही एक ग्रीक आहे. ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, भिक्खू नागसेनाशी चर्चा करायला आला. नागसेनाने आधी अट घातली. पंडितांसारखी चर्चा करणार असाल तर बोलतो, राजांसारखी करणार असाल तर नाही. पंडितांच्या वादात एक हरतो, एक जिंकतो, चूक दाखवली जाते, पण कुणी रागावत नाही. राजाशी मात्र असहमती दाखवली की शिक्षा होते. मिलिंदाने अट मान्य केली आणि मग प्रश्नोत्तरं झाली.

बाबासाहेबांनी मराठवाड्यात महाविद्यालय काढलं, त्याला नाव दिलं मिलिंद आणि परिसराला नाव दिलं नागसेनवन. हे नाव सहज सुचलेलं नाही. शिकणाऱ्याने मिलिंदासारखं बेधडक विचारावं, शिकवणाऱ्याने नागसेनासारखं न चिडता उत्तर द्यावं आणि दोघांमध्ये दंडुका नसावा. याच मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं लढावं लागलं, घरं जळाली, माणसं मेली. ते नाव मिळवलं. पण त्या नावामागची रीत आपण मिळवली का?

आमचीच सभा

आता आमच्याबद्दल. लेखाच्या सुरुवातीला ज्या मुलीने प्रश्न विचारला, तिचीच गोष्ट आहे.

तिने आमच्या भागातल्या एका जयंतीच्या व्हॉट्सअॅप गटावर विचारलं होतं, की वर्गणी किती जमली, डीजेवर किती खर्च झाला आणि अभ्यासिकेच्या पुस्तकांना किती ठेवले? एवढंच. अर्ध्या तासात तिच्यावर मेसेज पडायला लागले. कुणी म्हणालं हिला कुणीतरी शिकवून पाठवलंय. कुणी म्हणालं चळवळीची बदनामी करते. कुणी तिच्या फिरण्या-बोलण्यावर घसरलं. मग तिला गटातून काढलं. आम्ही त्या गटात होतो. आम्ही सगळं वाचलं आणि गप्प बसलो. पुढचे दोन रविवार ती विहारात आली नाही.

पैठणच्या सभेत अन्याय होतोय असं म्हणून बाहेर पडणारे थोडे होते आणि बसून राहणारे बरेच. आम्ही बसून राहणाऱ्यांत होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं नाही तर हेमाद्रीवर बोलायचा आम्हाला अधिकार राहत नाही. बाईने प्रश्न विचारला की तिच्या चारित्र्यावर जायचं, हे नाक कापणंच आहे. फक्त हत्यार बदललं आहे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बजावलं होतं, की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणात मात्र ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हे आपण दुसऱ्या पक्षांना ऐकवतो. आपल्या मंडळांना, आपल्या समित्यांना, आपल्या नेत्यांना कधी ऐकवणार? बुद्धाने कालामांना सांगितलं होतं, की परंपरा आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, तपासून घ्या. ज्या धम्माचा पायाच तपासणी आहे, त्याच्या विहारात हिशेब विचारणं गुन्हा कसा होतो?

आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. तिची माफी मागितली. तिची आई म्हणाली, "तिचं काय चुकलं ते तरी सांगा, म्हणजे मी तिला सांगते." आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण तिचं काही चुकलं नव्हतं. आता ती परत वाचनाला येते. या वर्षीच्या जमाखर्चाचा कागद विहाराच्या भिंतीवर लावायचा, हे आम्ही समितीपुढे मांडलं आहे. विरोध होतो आहे, पण या वेळी आम्ही गप्प नाही.

तरुण मित्र-मैत्रिणींनो, स्पर्धा परीक्षेसाठी सॉक्रेटिसचं साल पाठ करा, इ.स.पू. ३९९. त्याच्या शेजारी चक्रधरांचं नाव लिहा. आणि त्याच्या शेजारी तुमच्या वस्तीतल्या, तुमच्या गटातल्या त्या माणसाचं नाव लिहा, ज्याचा प्रश्न तुम्हाला शेवटचा खुपला होता. त्याला उत्तर द्या. उत्तर नसेल तर नाही म्हणून सांगा. पण त्याला सभेबाहेर काढू नका.

जय भीम! जय संविधान!